धुऊन आलेला डबा

बायनाबाईचा कोणावरच विश्वास नव्हता. भाजीवाल्यानं तोलून दिलेली वांगी ती घरी आल्यावर आपल्या काट्यावर पुन्हा तोलायची. एस.टी.च्या पाटीवर ब्रह्मपुरी लिहिलेलं असलं तरी ड्रायव्हरला, कंडक्टरला आणि खिडकीतल्या प्रवाशाला वेगवेगळं विचारून मगच गाडीत पाय ठेवायची. दवाखान्यातली नर्स गोड बोलली, की सुई मोठी असणार हे हिनं ओळखलंच. नवरा होता तोवर म्हणायचा, "तुले तर पोलिसात घ्याले पाह्यजे होतं." नवरा गेला आणि बाई खरंच पोलिसांच्या दारात येऊन बसली, पण खानावळ घेऊन.

तालुक्याच्या ठाण्याच्या कुंपणाला टेकून पत्र्याचं छप्पर, चार बाकं आणि भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, एवढाच तिचा संसार. लॉकअपमधल्या माणसांचं जेवण बारा वर्षं तिच्याकडूनच जायचं. रोज सकाळी गोविंदा हवालदार कुंपणापलीकडून बोटं दाखवायचा. दोन बोटं म्हणजे आत दोन माणसं, पाच म्हणजे पाच. आत कोण आहे, कशापायी आहे, हे बाईनं कधी विचारलं नाही. खानावळीची जागा ठाण्याच्या मेहेरबानीची. साहेबांची एकदा मर्जी फिरली की संध्याकाळपर्यंत पत्रे रस्त्यावर आलेच म्हणून समजा. तेव्हा बोटं बघायची, भात-भाजी भरायची आणि तोंडाला कुलूप.

एका मंगळवारी गोविंदा सकाळी दोन बोटं दाखवून गेला आणि बाराच्या सुमाराला परत आला. इकडेतिकडे बघून त्यानं तिसरं बोट दाखवलं.

"हे कोण वाढलं?" न राहवून बाईनं विचारलं.

"पाव्हणा हाये. चौकशीले बसवला. तू डबा दे ना, तुले काय करा लागते?"

दुपारी डबे परत आले. दोन डबे नेहमीसारखेच, वाळलेल्या भाताची शितं आणि डाळीचा चिकटा. तिसरा मात्र आतबाहेर स्वच्छ धुतलेला, पुसलेला, झाकण नीट बसवलेलं. बायनाबाईनं तो उघडला, हुंगला, उजेडात फिरवून पाहिला. पोलीस आपला डबा धुणार? काहीतरी लपवायला धुतला असेल. बारा वर्षांत त्या ठाण्यातून एक चमचासुद्धा धुऊन आला नव्हता. रात्रीचा डबाही तसाच आला. बुधवारी दुपारीही तसाच.

बुधवारी उन्हं उतरताना एक बाई बाकावर येऊन बसली. इंदिराबाई तिचं नाव, तलावाकाठच्या एका गावची धीवरीण. मंगळवारी सकाळी तिचा नवरा मुखरू मच्छीमार सोसायटीच्या तलावात जाळं टाकत होता. जीप आली आणि मोटारपंपाची तार चोरल्याच्या संशयावरून त्याला तसाच ओल्या अंगानं घेऊन गेली. ही दोन दिवस ठाण्याच्या चकरा मारत होती.

"म्हणतेत, असा कोणी इथी नाई," ती म्हणाली. "बाई, तुम्ही तं दारातच राहता. तुमाले दिसला काय?"

बायनाबाईनं तिला नखशिखांत न्याहाळलं. ही खरीच बायको, की आपलं तोंड किती सैल आहे हे बघायला ठाण्यानं धाडलेली? डोळ्यांत पाणी होतं, पण पाणी काय, कोणीही काढतं.

"मले काय माहीत?" असं म्हणून ती चुलीकडे वळली. पण शंका काही गप्प बसू देईना. पाठमोरीच तिनं विचारलं, "जेवल्यावर ताट धुते काय तुहा नवरा?"

इंदिराबाई बावरली. "हो. माह्या सासूनं सवय लावली. जो रांधून देते त्याच्यापाशी खरकटं टाकून उठाचं नाई म्हणे. पर तुमाले काऊन पाह्यजे?"

"काई नाई, सहज इचारलं," बायनाबाई म्हणाली, आणि स्वतःचा तिला भयंकर राग आला.

गुरुवारी अकराला जीप एका माणसाला घेऊन कोर्टाकडे गेली. तो मुखरूच होता. मागे इंदिराबाई धावत होती. मोफत कायदा मदतीची वकील दिव्यानी रोजच्यासारखी चहाला थांबली. मुखरूची केस तिच्याकडेच आली होती आणि हातात त्याचेच कागद होते.

"आज सकाळी आठ वाजता बसस्टँडवर अटक," ती वाचत म्हणाली. "चोवीस तासांच्या आत कोर्टात हजर करावं लागतं. यांनी तर तीन तासांतच आणला. बायको म्हणते मंगळवार, पण तिचं कोण ऐकणार? कागद एकदम सोवळा आहे."

"चोवीस तास कवापासून मोजतेत? माणूस उचलला तवापासून का कागदावर लिवला तवापासून?"

दिव्यानीनं कप खाली ठेवला. "उचलल्यापासून, बाई. तुम्हाला काही माहीत आहे का?"

"मले? मले काय माहीत असन!"

वकील आणि हवालदार याच बाकावर बसून एकमेकांना टाळी देतात, हे तिनं शंभरदा पाहिलं होतं. दिव्यानी निघून गेली. बाई कांदा चिरायला बसली, पण हात चालेना. आतल्या त्या माणसाला तिनं धड पाहिलंही नव्हतं. इतक्या वर्षांत तिच्या हातचं जेवून तिचा मान ठेवणारा तो पहिला, आणि त्याच्या बायकोला तिनं तोंडावर खोटं सांगितलं होतं. तिला लाज वाटली, अगदी सरळ लाज. तिनं चूल विझवली आणि कोर्टाची वाट धरली.

ती पोचली तेव्हा मॅजिस्ट्रेटसाहेब मुखरूला विचारत होते, "तुला कधी पकडलं?"

मुखरूनं गोविंदाकडे पाहिलं. "आज सकाळी, साहेब."

बायनाबाईचं डोकंच फिरलं. हाही त्यांना मिळालेला! जीव मुठीत धरून आपण आलो आणि हा बेटा खुशाल...

"खोटं बोलून राह्यला!" ती दारातूनच ओरडली.

साहेबांनी दटावलं, शिपाई धावला, तरी बाई थांबली नाही. "साहेब, मी डबेवाली. मंगळवारी दुपारपासून तिसरा डबा आत जाते. आन् धुवून परत येते! ठाण्यात कोणी डबा धुते काय? इचारा या हवालदाराले!"

मुखरू तिच्याकडे वळला. "तो डबा तुमचा होता काय, बाई?" मग त्यानं साहेबांपुढे हात जोडले. "मंगळवारीच उचललं, साहेब. जाळं पाण्यातच राह्यलं माहं. 'आज सकाळी' म्हण, नाई तं बायकोलेबी आणतो म्हणे."

साहेबांनी ठाण्याच्या कॅमेऱ्यांबद्दल विचारलं. ते बंद होते. डब्यांबद्दल विचारलं, तर गोविंदा म्हणाला, ठाणेदारांना विचारून सांगतो. दोघांचे जबाब लिहून घेतले गेले, ठाणेदाराकडून लेखी खुलासा मागवला गेला, आणि मुखरूला जातमुचलक्यावर तिथंच सोडून दिलं. इंदिराबाईनं बायनाबाईचे दोन्ही हात धरले. त्या पकडीतही काही डाव असेल का, असं बाईच्या मनात आलं. तरी तिनं हात सोडवून घेतले नाहीत.

शुक्रवारी कुंपणावर कोणी आलं नाही, शनिवारीही नाही. डबे आता समोरच्या वामनरावांच्या हॉटेलातून जाऊ लागले. पत्र्यांना कोणी हात लावला नाही, आणि त्याचाच बाईला जास्त संशय येत होता. पण खरी तगमग वेगळीच होती. बारा वर्षं तिला रोज कळायचं, आत माणसं किती. आता कळायला मार्ग उरला नव्हता.

सोमवारी ती रस्ता ओलांडून वामनरावांच्या बाकावर जाऊन बसली.

"आज किती डबे गेले, भाऊ?"

"तुले काय करा लागते, बाई?" वामनरावांनी आवाज खाली आणला. "माह्या पोटावर पाय नको आणू."

बाई उठली नाही. चहा आला, निवला. शेवटी गल्ल्याकडे बघतच ते पुटपुटले, "चार."

"काल?"

"चार."

"परवा?"

वामनरावांनी दाराकडे पाहिलं. "चारच."

"तेच चौघं काय?"

"मले काय माहीत?" वामनराव म्हणाले.

बायनाबाईनं मनात चोवीस तास मोजले, पदर खोचला आणि दिव्यानीला गाठायला कोर्टाकडे निघाली.