मऊशेठांची कडक सीट

मऊशेठ हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण खरं नाव गल्लीत कुणाला विचाराल तर तो डोकं खाजवत उभा राहील. सोफे, कोच आणि खुर्च्यांच्या गाद्या करणारा हा माणूस. दुकानात पाऊल टाकलं की रेग्झिनचा वास, भिंतीला लावून ठेवलेले स्पंजचे ठोकळे, आणि मधोमध तोंडात बारीक खिळे धरून हातोडी चालवणारे मऊशेठ. गिऱ्हाईक काही बोलायच्या आत ते त्याला कोचावर बसवायचे आणि विचारायचे, "काय? मऊ आहे ना?" जगातली निम्मी भांडणं कडक खुर्च्यांमुळे होतात, असं त्यांचं ठाम मत होतं. उरलेल्या निम्म्यांचं विचारलं तर म्हणायचे, "ती कडक बाकांमुळे."

एका शब्दाचं मात्र त्यांना भारी वावडं. 'बसला'! गिऱ्हाईक दारातूनच "शेठ, सोफा बसला हो" म्हणालं की समजायचं, स्पंज दबला, खड्डा पडला, केलेलं काम पाण्यात गेलं. शेजारचा न्हावी "घसा बसलाय" म्हणाला तरी मऊशेठ दचकून मागे बघायचे.

त्यांची बायको दवाखान्यात नर्स. दवाखान्याच्या सायकलवरून त्या घरोघर जायच्या. कुणाचं ड्रेसिंग बदल, कुणाला इंजेक्शन दे, कुणाचं ब्लडप्रेशर बघ. टेकडीवर राहणाऱ्या एक म्हाताऱ्या शिंपीणबाई तर पायाची जखम केव्हाच भरून आली तरी पट्टी सोडू देत नव्हत्या. पट्टी सुटली की नर्सबाईंचं येणं बंद होईल, ही त्यांना धास्ती. आणि गंमत म्हणजे नर्सबाईही मुकाट्याने नवी पट्टी बांधून, पोटभर गप्पा मारून यायच्या.

सगळं छान चाललं होतं. मग दवाखान्याने जुन्या सायकली भंगारात काढल्या आणि नव्या आणल्या. दिसायला झकास, चकाचक. पण सीट? नुसतीच लांबडी, आणि मागे जेमतेम तळहाताएवढी रुंद. थोड्याच दिवसांत नर्सबाईंना धड बसता येईना की चालता येईना.

"आयुष्यभर लोकांना तिथे सुया टोचल्या," त्या कण्हत म्हणाल्या, "आता सगळे मिळून वचपा काढतायत."

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट होती, तोवर नेली. पण मोठ्या डॉक्टरबाईंनी त्यांना लंगडताना पाहिलं आणि अगदी मायेने म्हणाल्या, "पुष्कळ वर्षं फिरलात. आता तुम्ही नावनोंदणीच्या खिडकीवर बसा. सोमवारपर्यंत सांगा मला, फेरीवर दुसरी मुलगी पाठवते."

घरी येऊन नर्सबाईंनी पिशवी आपटली. "मला नाही बसायचं खिडकीत! दिवसभर नाव काय, वय काय, विचारत बसले तर मीच आजारी पडेन. मला माणसं लागतात हो, त्यांच्या घरातली, त्यांच्या खाटेजवळची." आणि त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

बायकोच्या डोळ्यांतलं पाणी मऊशेठांना बघवत नसे. त्यांनी छाती पुढे काढली. "अगं, रडतेस काय? नवरा कुणाचा आहे? सायकलची सीट म्हणजे काय, एवढासा सोफा!"

इथेच घोडं पेंड खात होतं.

पहिल्या दिवशी त्यांनी सीटवर स्पंजचा जाड थर बसवून वर छान रेग्झिन शिवलं. बाई संध्याकाळी आल्या त्या आणखी वाकड्या चालत. "कमी पडला वाटतं," मऊशेठ म्हणाले आणि दुसरा थर चढवला. मग तिसरा, दुकानातल्या सगळ्यात महागड्या स्पंजचा. सीट उशीसारखी फुगली. बाई दिसल्या की गल्लीतली पोरं ओरडायला लागली, "पलंग आला, पलंग आला!" एवढ्या उंच सीटवरून पाय टेकेनात, म्हणून मऊशेठांनी सीटचा दांडा खाली घातला. जमिनीला पाय टेकले की माणसाला धीर येतो, असं त्यांचं म्हणणं. तर आता पेडल मारताना गुडघे पोटाला लागायला लागले. मूळ दुखणं होतंच, वर गुडघ्यांची भर!

शुक्रवारी संध्याकाळी बाई सायकल हातात धरून, चालत घरी आल्या. चेहरा लालबुंद.

मऊशेठही दमले होते, वैतागले होते. तोंडातून निघून गेलं, "अगं, एवढा मऊ स्पंज मी कुठल्या साहेबाच्या खुर्चीलाही घातला नाही. तुझीच बसायची तऱ्हा चुकत असणार."

झालं! भडकाच उडाला.

"माझी तऱ्हा? तुमच्या सीटचं काही चुकत नाही, माझ्याच बुडाचं चुकतंय, असं सरळ म्हणा की!" आणि बाई तरातरा स्वयंपाकघरात निघून गेल्या.

मऊशेठ बाहेरच्या खोलीत आपल्या सोफ्यावर बसून राहिले. आपण फार वाईट बोललो, हे त्यांना लगेच कळलं होतं. पण माघार घ्यायची कशी? शेवटी चहा केला तर बोलेल तरी, म्हणून आत गेले, गुपचूप चहा केला आणि कप पुढे धरला. बाई वाटाणे सोलत होत्या. लाकडी स्टुलावर, पाठ ताठ, अगदी आरामात.

मऊशेठ बघतच राहिले. "दुखत नाही?"

"काय?"

"असं बसून?"

"इथे कशाला दुखेल? रोजच तर बसते."

"मग बाहेर सोफा असताना इथे कशाला?"

बाईंनी एक शेंग सोलली, मग दुसरी. "खरं सांगू? रागावणार नाही ना?"

"नाही."

"तुमच्या सोफ्यात मी बुडते हो. उठताना कंबर धरते. पाहुणे असले की बसते तिकडे, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. एरवी लग्न झाल्यापासून मी आपली इथेच."

मऊशेठांनी चहाचा कप खाली ठेवला. वाईट वाटायचं ते वाटलंच. सगळ्या गावाला मऊ बसवणाऱ्या माणसाची बायको घरात लाकडावर बसते, आणि त्याला पत्ता नाही!

बाई टरफलं टाकायला उठल्या, आणि मऊशेठांचं लक्ष स्टुलाकडे गेलं. त्याला हिरवा रंग त्यांनीच दिला होता. रंग चारही कडांना जसाच्या तसा होता. फक्त दोन ठिकाणी, शेजारी शेजारी, उडून गेला होता आणि खालचं लाकूड गुळगुळीत, चमकत होतं. मऊशेठ खाली वाकले. एका जागी एक अंगठा ठेवला, दुसऱ्या जागी दुसरा.

"अगं, इकडे ये. बस. आता ऊठ. परत बस!"

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला?"

"तू इथे बसतेस! ह्या दोन हाडांवर!" गळ्यातली टेप काढून त्यांनी मोजलं आणि ते अंगणात सायकलकडे धावले. सीट मोजली, आणि कपाळावर हात मारून घेतला. ती दोन्ही हाडं सीटच्या अगदी कडेवर येत होती. तिथे स्पंज दबून हाडं खाली उतरायची, आणि मधला स्पंज फुगून नको तिथे टोचायचा. म्हणजे त्यांनी जेवढं मऊ केलं, तेवढं बायकोचं दुखणं वाढवलं होतं!

"मऊ नकोच तुला," ते परत येऊन म्हणाले. "रुंद हवं. आणि..." इथे त्यांची जीभ अडखळली. "आणि कडक."

शनिवारी दुकानाचं दार अर्धं लोटून मऊशेठांनी आपल्या हातांनी सगळा स्पंज फाडून काढला. मागे रुंद, पुढे निमुळती अशी प्लायवूडची फळी कापली, वर दाबलेल्या लोकरीचा पातळ नमदा आणि त्यावर भिजवून ताणलेलं जाड चामडं. फुंकर मारली तरी दबेल असं काही म्हणून त्यात ठेवलं नाही. गवंड्याकडून पाणसळ मागून आणली आणि तिच्यातला बुडबुडा बरोबर मध्ये येईपर्यंत सीट वरखाली केली. मग बाईंना वर बसवून टाच खालच्या पेडलवर ठेवायला लावली आणि पाय सरळ होईल एवढा दांडा वर घेतला.

"अहो, जमिनीला पाय टेकत नाहीत!"

"उतरशील तेव्हा टेकव की. चालवताना जमिनीशी तुझं काय काम?"

रविवारी सगळी गल्ली तमाशा बघायला बाहेर. पुढे बाई सायकलवर, मागे पाना घेऊन धावणारे मऊशेठ. "हातांवर भार येतोय!" की सीट बोटभर पुढे. "पुढे घसरतेय!" की टोक किंचित वर. न्हावी गिऱ्हाईक अर्धवट सोडून बाहेर आला आणि म्हणाला, "शेठ, त्यापेक्षा तुम्हीच डबलसीट बसा, धावपळ वाचेल."

सोमवारी बाई डॉक्टरबाईंना म्हणाल्या, "आजची पूर्ण फेरी करून येते, मग सांगते." आणि गेल्या.

दुकानात मऊशेठांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका खुर्चीला त्यांनी कापड उलटं ठोकलं. चामडं ताजं आहे, सैल पडलं तर? फळी तडकली तर? दुसरी सीट करायला आता वेळ नव्हता. बाई खिडकीत गेल्या की गेल्याच. संध्याकाळ झाली, रोजची वेळ टळली, तरी बाईंचा पत्ता नाही.

मग कोपऱ्यावर घंटी वाजली, आणि लांबूनच बाईंचा खणखणीत आवाज आला, "अहो, बसली! सीट बसली!"

मऊशेठांच्या तोंडातले खिळे खाली सांडले. संपलं! पडला खड्डा! ते धडपडत दारात आले.

बाई चढावरून पेडल मारत येत होत्या. ताठ. हसत. दुकानासमोर त्या थांबल्या नाहीत, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन वळसा घालून आल्या आणि मग उतरल्या.

"अशी बसली हो मला, की बस्स! शिंपीणबाईंच्या टेकडीवर न उतरता गेले. गप्पांत उशीर झाला."

"आणि डॉक्टरबाई?"

"त्यांनी विचारलं, 'मग काय, बसताय ना?' म्हटलं, बसले की! सायकलवर. तुमच्या खिडकीला दुसरं कुणी बघा."

मऊशेठांनी अंगठ्याने सीट दाबून बघितली. जराही दबली नाही.

"कडक आहे," ते म्हणाले.

"आहे. राहू दे तशीच. हात लावाल तर बघा!"

मऊशेठ दुकानाच्या दगडी पायरीवर मटकन बसले, बाह्यांनी डोळे पुसले, आणि मग शेजारच्या न्हाव्याच्या दुकानाकडे तोंड करून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "अरे, ऐकलंस का? बसली! आमची बसली!"