न मोडलेली घडी

परवा सोमवारी सकाळी, नळदुर्गच्या अलीकडं करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या नाक्यावर, एका साडीची घडी मोडायला मी नाही म्हणालो... आणि माझं सगळं तिथंच फिरलं.

पुण्याहून उमरग्याला मोटारसायकलवर निघालो होतो. लढाई संपल्यावर लिलावात निघालेली लष्करी गाडी, मित्राची. मागं पेट्रोलचा डबा, पंक्चरचं सामान आणि गूळ-फुटाणे.

दोन दिवस नुसता माळ... मैलोन् मैल झाड नाही, माणूस नाही. ट्यूब दोनदा फाटली, चेन एकदा निसटली. एका ठिकाणी आवाजानं बैल बुजले आणि गाडीवानानं माझ्या सात पिढ्या उद्धरल्या. तरी मी मोठमोठ्यानं गात होतो.

कारण उमरग्यात गिरिजा होती. माझ्या खोलीतल्या शिवप्पाची धाकटी बहीण. दिवाळीला त्यांच्याकडं गेलो, माझं मोडकं कन्नड ऐकून ती तोंडाला पदर लावून हसली... पुढच्या टर्मला माझं पुस्तकात लक्षच लागेना. एका प्रोफेसरांशी भांडण काढलं, दार आपटून वर्गाबाहेर पडलो, तो कॉलेजात परत गेलोच नाही.

शिवप्पाकरवी तिला मागणी घातली, मग त्याचं पत्र आलं. त्याच्या वडिलांनी, अप्पांनी, निरोप दिला होता. "कॉलेज सोडलं तर सोडलं. शब्दाला पक्का हाय का बघू. सोमवारी बाराच्या आत सोता येऊन इचारू दे. न्हाय आला, तर उदगीरच्या पाहुण्यांना होकार."

रविवारी सोलापुरात तिच्यासाठी इरकल साडी घेतली. गर्द निळी, लाल काठाची. सोमवारी आठ वाजता नाक्यावर पोचलो. उमरगा तिथून दीड तासावर... वेळ भरपूर होता.

पण नाक्यापासून निजामाची हद्द, नव्या कापडावर महसूल. नाक्यावरच्या म्हाताऱ्या मुन्शींनी साडी बघितली आणि हळूच म्हणाले, "पावती फाडनारे सायब नळदुर्गला गेलेत, दुपार कलल्यावर येतील. घडी मोडा, खांद्यावर टाका. वापरलेलं म्हनून सोडतो. समदे असंच करत्यात."

चांगला माणूस होता. पण माझं डोकं फिरलं... जिच्यासाठी आणली तिच्या आधी ह्या साडीची घडी माझ्या घामट खांद्यावर मोडायची? मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. दौत कलंडली आणि शाई सगळ्या वहीभर पसरली.

आता प्रकरण मुन्शींच्या हातात राहिलं नाही. शिपायानं गाडीला साखळी घातली. साहेब येईपर्यंत गाडी आणि साडी, दोन्ही तिथंच.

खरं सांगतो, तरीही वेळ गेली नव्हती. दहा वाजता प्रवाशांनी भरलेली उमरग्याची सर्व्हिस मोटार आली. मुन्शी स्वतः बाहेर येऊन म्हणाले, "अजी, बैठ जाव ना मोटार में. तुमारी गाडी कहां जाती?" ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला.

मी बसलो नाही. तिच्या दारात मला मोटारसायकलवरून उतरायचं होतं, हातात कोरी साडी घेऊन... कोंबड्यांच्या खुराड्यांमध्ये बसून नाही. मोटारीचा धुरळा खाली बसेपर्यंत मी बघत उभा राहिलो.

साडेचारला साहेब आले, खडसावलं, महसूल घेतला, सोडलं. सहाला उमरगा.

दारात बैलगाड्यांच्या चाकोऱ्या ताज्या होत्या. सोप्यात विड्याची तबकं आणि साखर सांडलेली. अप्पा मला बघून उठले.

"ये. आदी पानी पी." तांब्या पुढं करून म्हणाले, "बारा वाजले, म्हटलं वाजू द्या. एक वाजला तरी पाहुण्यांना बोलत बसवलं. दोनला शब्द द्यावा लागला, बाबा."

मी नाक्याची सगळी हकीकत सांगितली. शिवप्पानं एवढंच विचारलं, "सर्व्हिस मोटारीनं का आला नाहीस रे?"

गिरिजा माजघराच्या उंबऱ्यात उभी होती. अंगावर पाहुण्यांकडची हिरवी साडी, घडीच्या रेघा अजून तशाच. ह्या वेळी ती हसली नाही.

"घडी मोडली असती तर म्या नेसले नसते व्हय?"

एवढंच बोलली आणि आत गेली. मी ज्या घडीसाठी दिवस घालवला, तिला त्या घडीचं काहीच नव्हतं... ती माझी वाट बघत होती. आणि तो हट्ट मी दिवसभर प्रेम समजून कुरवाळत बसलो होतो.

गिरिजाच्या आई म्हणाल्या, "दोन घास खाऊन जावा." मी नको म्हणालो. साडी काखेत मारली, अप्पांच्या पाया पडलो.

आजवर घरातून काय, कॉलेजातून काय, मी दार आपटूनच निघालोय. त्या दिवशी बाहेर आलो, मागं वळलो आणि दोन्ही हातांनी दार हळूच लावून घेतलं... कडीसुद्धा वाजू दिली नाही.