एकसष्ट टक्क्यांची फिजिओथेरपी

मला बी.एस्सी.ला एकसष्ट टक्के होते. अठरा-एकोणीस वर्षं मी हा आकडा मान वर करून सांगत आले, कारण पुण्यात साठाच्या वर गेलं की फर्स्ट क्लास. लग्नाच्या बायोडेटावरही तो ठळक अक्षरांत छापला होता आणि उंची त्याखाली बारीक टायपात. नवरा इंजिनियर. त्याला माझ्यापेक्षा तीन टक्के जास्त आहेत, आणि ते तो अजून ऐकवतो.

न्यूझीलंडला आल्यावर आम्ही लोअर हटला घर घेतलं. नवरा ट्रेनने वेलिंग्टनला ऑफिसला जायचा, आणि मला हॉस्पिटलात थेरपी असिस्टंटचं काम मिळालं. म्हणजे व्यायाम फिजिओने ठरवायचे आणि पेशंटला धरून चालवायचं मी. काम मला मनापासून आवडायचं, पण त्याच कामाने डोकंही तापायचं. फिजिओ दहा मिनिटं येऊन जायची, मी दिवसभर पेशंटजवळ. याचा खांदा पडतोय, हिचा भार एकाच पायावर जातोय, सगळं मला दिसायचं, पण व्यायाम बदलायचा अधिकार मला नव्हता. एकदा घरी भांडी आपटत मी जाहीर केलं की मला फिजिओ व्हायचंय.

"मग हो की," नवरा म्हणाला. "त्या कढईने काय केलंय?"

वय एकोणचाळीस. ऑकलंडच्या एका कॉलेजात चार वर्षांचा कोर्स होता. मी मार्कशीट पाठवली आणि आठवड्याने जेवणाच्या सुट्टीत फोन लावला. पलीकडच्या बाईंनी "किया ओरा" असा इथला माओरी नमस्कार करून प्रेमाने चौकशी केली. मी विचारलं, माझा फर्स्ट क्लास आहे, तेवढा पुरेल ना?

"येअ, ना," बाई म्हणाल्या.

पुढे त्या बरंच काही बोलल्या, पण शेजारून जेवणाची ट्रॉली खडखडत गेली आणि मला काही ऐकायची गरजही वाटली नाही. येअ म्हणजे हो, आणि ना म्हणजे आपलं ना. हो ना! इतकं आपुलकीचं उत्तर मला या देशात कुणी दिलं नव्हतं. मी तीनदा थँक्यू म्हटलं. बाई जरा थांबल्या, मग "स्वीट ॲज" म्हणाल्या. इथे ते नुसतं 'बरं, ठीक' अशा अर्थाने म्हणतात, पण मला तेही गोड वाटलं.

संध्याकाळी मी शिरा केला. पुण्याला फोन झाला, वेलिंग्टनच्या दोन मैत्रिणींना सांगून झालं. बारा वर्षांची लेक शिरा खाताखाता ऐकत होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं.

"आई, येअ ना मीन्स नो."

"अगं, येअ म्हणजे हो ना?"

"येअ मीन्स आय हर्ड यू. ना मीन्स नो."

नवऱ्याने शिऱ्याचा चमचा खाली ठेवला. मला वेगळंच काहीतरी आठवत होतं. पाच वर्षं मी वॉर्डात चहा हवा का विचारत होते, पेशंट येअ-ना म्हणत होते, आणि मी प्रत्येकाला कप आणून देत होते. बिचाऱ्यांनी निमूट प्यायला होता. शरमेने कान तापले, आणि मग मला इतकं हसू आलं की ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी आलेल्या मेलमध्ये मात्र गैरसमजाला जागा नव्हती. एकसष्ट टक्के म्हणजे त्यांच्याकडे जेमतेम बी मायनस. अर्ज करणारी बहुतेक मुलं ए मिळवणारी. शिवाय माझे मार्क जुने. जीवशास्त्र आणि भौतिकशास्त्र असे विद्यापीठाचे दोन पेपर आता नव्याने करा, दोन्हींत निदान बी प्लस आणा, मग अर्जाचं बघू. शाळेत मी दहावीपर्यंत ब तुकडीत होते, तेव्हापासून या अक्षराशी माझं वाकडं आहे. आता त्याच्याच मागे लागायचं होतं.

तरी दोनच पेपर म्हटल्यावर मला धीर आला. तीन-तीन तासांचे दोन पेपर, दोन रविवार घासून अभ्यास केला की झालं! नाव नोंदवायला गेले तेव्हा कळलं की इथे पेपर म्हणजे अख्खा विषय. चार महिने वर्ग, प्रयोगशाळा, ट्यूटोरियल, आणि शेवटी परीक्षा. आपण ज्याला पेपर म्हणतो तो त्यातला एक तुकडा. घरी हे सांगायला मी दोन दिवस लावले.

पण गेले. हॉस्पिटलचे तास कमी करून घेतले आणि ट्रेनने वेलिंग्टनला जाऊ लागले. वर्गात सगळी अठरा-एकोणीस वर्षांची मुलं, थंडीतसुद्धा पायात जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी स्लिपर. पुण्यात मी टॉर्कची व्याख्या पाठ केली होती, दोन मार्कांची, स्वल्पविरामासकट. इथे सरांनी एक लांब दांडी हातात दिली, टोकाला वजन अडकवलं आणि म्हणाले, आता उचला. मला एकदम वॉर्डातले पाय दिसले. घोट्याजवळ धरलेला पाय खुब्याला का ओढ देतो, ते मला रोज हाताला कळत होतं. त्याला हे नाव होतं, आणि ते नाव मला वीस वर्षांपासून पाठ होतं! मला माझा फर्स्ट क्लास पहिल्यांदाच थोडा फुकटचा वाटला. वाईट नाही वाटलं. उलट असं मोकळं वाटलं की घरी जाताना मी दोन स्टेशनं पुढे गेले.

जीवशास्त्रात ए मायनस मिळाला. भौतिकशास्त्रात बी प्लस, तोही काठावर, पण काठाच्या आतल्या बाजूला. अर्ज गेला, मुलाखत झाली, आणि वाट बघणं सुरू झालं. नवऱ्याने ऑकलंडच्या ऑफिसात बदलीचं विचारून ठेवलं होतं. लेकीने शाळा सुटणार म्हणून आठवडाभर अबोला धरला, आणि मग ऑकलंडच्या न्यू लिन भागातली घरं तीच बघू लागली. आता फक्त कॉलेजने हो म्हणायचं राहिलं होतं. नाही म्हणाले असते तर वयाच्या चाळिशीत पुन्हा विचारण्याचं बळ माझ्यात नव्हतं.

फोन थरथरला तेव्हा मी एका आजींच्या कमरेचा पट्टा धरून त्यांना चालवत होते. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, खुबा नुकताच बदललेला. पेशंट खुर्चीत बसल्याशिवाय पट्टा सोडायचा नसतो. खिडकीपर्यंत गेलो, परत आलो, त्या बसल्या, आणि मग मी फोन काढला. कॉलेजचा मेल होता. पहिली ओळ वाचली. पुन्हा वाचली. पण मागच्या फजितीनंतर माझा स्वतःवर भरवसा उरला नव्हता. मी फोन आजींच्या हातात दिला आणि म्हटलं, "एवढं वाचून सांगा, हो आहे की नाही?"

त्यांनी चष्मा लावला आणि सगळं मोठ्याने वाचलं, कागदपत्रं कुठली आणायची तेसुद्धा.

"तुला घेतलंय गं," त्या म्हणाल्या.

मी पलंगाच्या कडेवर बसले. तिथे आम्ही बसायचं नसतं. आणि मी रडले, चांगली हुंदके देऊन. आजींनी मला रडू दिलं, माझ्या गुडघ्यावर हात ठेवून.

"मग आता माझा हा पाय कोण बघणार?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"चार वर्षांनी मीच बघेन," मी म्हटलं. "फिजिओ होऊन परत येते."

"चार." त्यांनी मनात बेरीज केली. "अठ्ठ्याऐंशी. बरं, थांबते मी," म्हणाल्या, आणि पुन्हा उभं राहायला दोन्ही हात पुढे केले.