नेमाचं बटण

मी आयुष्यात केलेल्या सगळ्यात वाईट कामाचं ऑफिसात टाळ्या वाजवून कौतुक झालं होतं. काम तसं छोटंसंच. दोन हजार पंधराच्या आसपासची गोष्ट. सिंगापुरात रॅफल्स प्लेसच्या एका इमारतीत आम्ही फोनवरच्या कॅसिनोचं अ‍ॅप बनवायचो. पत्ते, चक्र, गरगर फिरणारी फळं, सगळं खोट्या नाण्यांवर. जिंकलात तरी हातात काही पडत नाही, नाणी संपली की मात्र खरे पैसे देऊन नवी घ्यायची. मी त्याची डिझायनर, म्हणजे कुठलं बटण कुठे, केवढं, कुठल्या रंगाचं, हे ठरवणारी. एक दिवस कायद्याचं बघणारे गृहस्थ म्हणाले की खेळणाऱ्याला स्वतःला आवरता यावं अशी काहीतरी सोय हवी. काही दिवस अ‍ॅप बंद ठेवता यावं, रोजची मर्यादा घालता यावी, वगैरे. मी ती सोय केली, आणि कुणाच्या बापाला सापडणार नाही अशी केली. सेटिंग्जच्या आत मदत, मदतीच्या आत नियम, नियमांच्या तळाशी फिक्या करड्या अक्षरांत एक ओळ. बॉस म्हणाली, "वा! आहे पण आणि नाही पण!" सगळे हसले. मीही हसले.

तेव्हा आम्ही बेडोकला नवव्या मजल्यावर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. नवऱ्याचं ऑफिस थेट शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुरोंग ईस्टला, मुलगी पहिलीत. सासूबाई गेल्या आणि आम्ही पुण्याच्या घराला कुलूप लावून सासऱ्यांना इकडे घेऊन आलो. बाबा बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, घड्याळाचे पक्के. इथे त्यांना करायला होतं काय? एकच काम, आणि तेही त्यांनी हट्टाने मागून घेतलेलं. पावणेदोनला नातीची स्कूल बस ब्लॉकखाली, म्हणजे आमच्या इमारतीखाली यायची. तिला उतरवून घ्यायचं, वर आणायचं, वरणभात वाढायचा. दीडलाच बाबा चपला घालून लिफ्टपाशी उभे असायचे.

एका दुपारी मला खालच्या मजल्यावरच्या चिनी आंटींचा फोन आला. मुलगी ब्लॉकखाली दगडी टेबलापाशी दप्तर मांडीवर घेऊन एकटी बसली होती, पाऊण तास. आंटींनी तिला बिस्किटं दिली, वर नेऊन बेल वाजवली, तेव्हा बाबांनी दार उघडलं. हातात टॅबलेट. मी टॅक्सी करून घरी पोचले तर मुलगी शाळेत उचललेल्या सिंगापुरी इंग्रजीत शांतपणे म्हणाली, "मम्मी, आजोबा प्लेइंग गेम लाह. ही फर्गॉट मी." रडली असती तर परवडलं असतं.

आणि हे पहिल्यांदा नव्हतं. दुसऱ्यांदा होतं. पहिल्या वेळेला ती स्वतःच लिफ्टने वर आली होती आणि आजोबा-नातीने संगनमताने ते दाबलं होतं.

नवऱ्याचा पारा चढला. बाबांचा इथे राहायचा व्हिजिट पास दोन महिन्यांत संपत होता. "पास वाढवायचा नाही," तो म्हणाला. "पोरीला आफ्टर-स्कूलमध्ये घालू. बाबांना पुण्याला पोचवतो. तिथे आत्या आहे." आत्या स्वतः गुडघे धरून बसलेली, ती काय बघणार यांना! बंद घर, एकटा माणूस आणि हातात तोच टॅबलेट. मला स्पष्ट दिसत होतं काय होईल ते. बाबा दारात उभे राहून ऐकत होते. वाद घालतील असं वाटलं होतं. पण ते नुसतं "बरोबर आहे त्याचं" म्हणाले आणि आत गेले.

मी टॅबलेट उचलला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. ते आमचं अ‍ॅप होतं. ती फळं, ते सोनेरी बटण, नाण्यांचा तो खळखळाट, सगळं माझ्या टेबलावरून गेलेलं. वर लिहिलेलं होतं: सलग त्रेपन्न दिवस हजर! शाब्बास! आणि त्याखाली रोजचा आनंदाचा तास, दुपारी एक ते दोन, दुप्पट नाणी. ही वेळ आम्हीच काढली होती. लोक जेवायला सुटतात, तेव्हा धरा. बैठकीत मीच म्हणाले होते, एक ते दोन ठेवूया. पावणेदोनच्या बसचा विचार कोण करतो?

आता माझी ती करडी ओळ शोधायला बसले. मीच काढलेला पडदा, म्हणजे स्क्रीन, आणि मला सापडेना! सेटिंग्ज, मदत, परत सेटिंग्ज. मी स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की विचारू नका. शेवटी सापडली. आणि तिथे मी घोडचूक केली. बाबांना न विचारता, न सांगता, मी त्यांना दिवसाला दहा मिनिटांची मर्यादा घालून टाकली आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवला. आपल्याकडे म्हाताऱ्यांची औषधं जशी उंच कपाटात ठेवतात ना, तसं.

दुसऱ्या दिवशी बाबांच्या लक्षात आलं. संध्याकाळी म्हणाले, "बत्तीस वर्षं तिजोरीच्या किल्ल्या माझ्या कमरेला होत्या. आता तू मला कुलूप लावणार?" मीही फाडकन बोलले, "मग पोरीला खाली बसवून ठेवताना कुठे गेल्या होत्या किल्ल्या?" बोलले आणि जीभ चावली. पण शब्द गेला तो गेला. पुढचे चार दिवस आमचा अबोला. आणि त्या चार दिवसांत बाबांनी दुसऱ्या ईमेलवरून नवं खातं उघडलं. माझं कुलूप एवढंच भक्कम होतं.

सिंगापुरात एक बरं आहे, घरचे अर्ज करून आपल्या माणसाला कॅसिनोच्या दारातच अडवू शकतात. पण टॅबलेटला दार कुठलं? तो तर सोफ्यावरच पडलेला.

शनिवारी सकाळी मीच माघार घेतली. बाबांना बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात घेऊन गेले. त्यांना तिथला घट्ट दुधाचा चहा आवडायचा, साखर जास्त म्हणून रोज कुरकुरत का होईना. मी माफी मागितली. म्हटलं, "बाबा, हे अ‍ॅप आमचं आहे. त्यातला आवर घालायचा पडदा मी काढलाय, आणि तो भिकार आहे. मला जरा मदत करा." आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. पडदा अनोळखी माणसाच्या हातात द्यायचा आणि आपण तोंडाला कुलूप घालून बघत बसायचं. तो अडला, चुकला, चिडला तरी सांगायचं नाही. मी टॅबलेट पुढे केला आणि म्हटलं, समजा तुम्हाला काही दिवस हे बंद ठेवायचंय. करा.

बाबांना आठ मिनिटं लागली. मला गप्प बसायला किती कष्ट पडले ते माझं मला माहीत. अखेर त्या ओळीवर बोट पडलं, आणि मोठ्ठी पाटी आली: तुमची नक्की खात्री आहे का? खाली हिरवंगार "नको, परत जातो" आणि त्याच्या बाजूला पुसट "हो".

बाबांनी चष्मा काढला. "अगं, असं विचारतात का कुणाला?"

"म्हणजे?"

"तुझ्या सासूबाई चातुर्मासात वांगं सोडायच्या. दरवर्षी. एकदा नेम घेतला की कुणी विचारायचं का त्यांना, नक्की का हो? विचारायचे ते एवढंच, किती दिवसांचा? आणि एकदा शेजारणींना सांगितलं की मग कुणी वाढायचं नाही. हळदीकुंकवाला गेल्या तरी ताटात वांगं यायचं नाही. त्यांना रोज उठून नाही म्हणावं लागत नव्हतं. हे तर मला रोज वाढतंय!"

खरंच होतं ते. सुट्टी घेतलेल्या माणसालासुद्धा आमचं अ‍ॅप तिसऱ्या दिवशी निरोप धाडायचं: तुमची आठवण येते!

"मग कशाला उघडता हो सकाळी उठून?" मी विचारलं. चिडून नाही, खरंच विचारलं.

बाबा कपातल्या चहाकडे बघत म्हणाले, "ते मला गुड मॉर्निंग म्हणतं. नाव घेऊन. तुम्ही तिघं साडेसातला पळता."

मला रडू आलं. चारचौघांत, नूडल्सच्या वासात, मी नाक पुसत बसले. बाबांनी टिश्यूचं पाकीट पुढे सरकवलं आणि म्हणाले, "पुरे आता, लोक म्हणतील सासरा छळतो."

सोमवारी मी सगळं नव्याने काढलं. पहिल्याच पानावर, खेळाच्या बटणाएवढंच मोठं बटण. दाबलं की एकच प्रश्न: किती दिवस? आठवडा, महिना, चार महिने. नक्की का, वगैरे काही नाही. मग: कुणाला कळवायचं का? हवं तर आपल्या माणसाचा नंबर द्यायचा. तेवढे दिवस अ‍ॅपने मुकाट्याने बसायचं, निरोप नाही, बक्षीस नाही, आठवण नाही. नवं खातं उघडलं तरी फोन किंवा टॅबलेट ओळखून तेही बंद. मुदत संपली तरी दार आपोआप उघडायचं नाही, माणसाने येऊन मागितलं तर एक दिवस थांबून उघडायचं.

बॉस म्हणाली, "लोक जातील."

मी म्हटलं, "जातील आणि परत येतील, किंवा नाही येणार. आत्ता जे राहतात ते दार सापडत नाही म्हणून राहतात." माझा आवाज चढला होता. वर हेही सांगून टाकलं की माझी सहा वर्षांची पोर आपल्या आनंदाच्या तासामुळे पाऊण तास ब्लॉकखाली एकटी बसली होती.

बॉस इथलीच, माझ्याहून धूर्त, कधी घरचं बोलायची नाही. मग हळूच म्हणाली की तिच्या वडिलांसाठी तिच्या आईने तो कॅसिनोचा अर्ज भरला होता, आणि वडील वर्षभर आईशी बोलले नव्हते. "स्वतः भरला असता तर..." एवढंच म्हणून तिने माझा पडदा पुन्हा पहिल्यापासून बघितला. आनंदाचा तास काही तिने काढला नाही, त्यावर मी हरले. पण बाकीचं सगळं पुढच्या आवृत्तीत गेलं. मी प्रोग्रामरांच्या मागे हात धुऊन लागले होते. चातुर्मास लागायच्या आत व्हायला हवं, असं मी त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार! नुसतं "अर्जंट आहे" म्हणत राहिले.

बाबांना मी काही म्हटलं नाही. बटण घे, दाब, असं एकदाही नाही. नवऱ्याने मात्र पास वाढवायचा कोरा फॉर्म फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवला होता, आणि त्याची शेवटची तारीख जवळ येत होती. मी रोज दूध काढताना त्याच्याकडे बघायची.

कांदेनवमीला मी सुट्टी घेतली. चातुर्मासात कांदा-वांगं बंद, म्हणून दोन दिवस आधी पोटभर खाऊन घ्यायचं, हा सासूबाईंचा लाडका सण. बेडोकच्या बाजारातली लांब जांभळी वांगी भरताच्या कामाची नाहीत, गॅसवर धरली की नुसती लोळागोळा होतात. तरी केलं. एकीकडे कढईत खेकडाभजी. हात पिठात, आणि ओट्यावर फोन वाजला. ऑफिसचा चाचणीचा निरोप असेल म्हणून कोपराने उजळवला.

वाक्य माझंच होतं, मीच लिहिलेलं: तुमच्या माणसाने आजपासून चार महिने थांबायचं ठरवलं आहे. तुम्हाला काही करायचं नाही. फक्त वाढू नका.

खाली बाबांचं नाव होतं.

मुलाचा नंबर देता आला असता. पुण्याच्या आत्याचा देता आला असता. ज्या सुनेने कुलूप लावलं, तिचा दिला. मी पिठाच्या हातांनीच डोळे पुसले आणि भजी करपली.

बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. ताट हातातच. "आलं का काही फोनवर?"

"आलं," मी म्हटलं.

"हं. मग भजी वाढ. ती परवापर्यंत चालतात." आणि खाली बसता बसता, "तेवढं सकाळी निघताना गुड मॉर्निंग म्हणत जा. घाई असली तरी."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिघंही म्हणायला लागलो, चपला शोधत, ओरडून.

त्या आठवड्यात एका दुपारी ऑफिसात मुलीचा फोन आला. घड्याळात दोन वाजून गेले होते.

"मम्मी, बस केम लेट," ती हसू दाबत म्हणाली. "आजोबा स्कोल्ड द ड्रायव्हर अंकल लाह! ही सेड, आय अ‍ॅम स्टँडिंग हिअर सिन्स वन ओ'क्लॉक!"

मी लगेच नवऱ्याला फोन लावला. म्हटलं, "ऐक, फ्रिजवरचा फॉर्म आज भर."

"सकाळीच भरला," तो म्हणाला. "घरी गेलीस की फ्रिजवर बघ, नुसता चुंबक राहिलाय."