शनिवारचा गृहपाठ

मधुमेहामुळे दाजींचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. जखम भरत गेली तसं त्यांचं बोलणं कमी झालं आणि ओरडणं वाढलं. चहा गार आहे, पंखा हळू फिरतोय, शेजारचा टीव्ही मोठा आहे. कारण कुठलंही चालायचं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सोलापुरात भवानी पेठेतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात ते जॉबर होते, म्हणजे यंत्रमाग अडला की तो चालू करून देणारे. दिवसभर मागांच्या रांगांमधून फिरायचं काम. ते संपलं होतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सुचवलं, की सगळ्या घरानं मिळून समुपदेशकाशी बोलावं. गावातल्या कोणाकडे जायला अक्का तयार नव्हती. "येड्याच्या डाक्टरची पायरी चढताना कुणी बघितलं तर पोरीचं लग्न जमंल का?" म्हणून पुण्याच्या एक मॅडम ठरल्या, व्हिडिओ कॉलवर. मी वृत्तपत्रात डेस्कवर काम करतो. शनिवारी माझी सुट्टी असते आणि राहायलाही त्यांच्याच वरच्या मजल्यावर आहे. त्यामुळे लिंक उघडून द्यायचं काम माझ्याकडे आलं. मोबाइल पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवायचा. समोर पलंगावर दाजी आणि अक्का. पुण्यात शिकणारी त्यांची मुलगी हॉस्टेलमधून दुसऱ्या चौकटीत यायची.

पहिल्या शनिवारी दाजी डोळे मिटून बसले.

"काका, इथं बसणं आवडत नाहीये का?" मॅडमनी विचारलं.

"आवडायला मी काय शिनिमाला आलोय व्हय?"

मुलगी हसली, मॅडमही हसल्या. पुढचं सुरळीत झालं.

मॅडमची पद्धत सोपी होती. घरातलं जे काम आता दाजींना झेपत नाही, ते आठवड्याला एक याप्रमाणे त्यांनीच दुसऱ्याला शिकवायचं. याला त्या गृहपाठ म्हणत. काम हातून गेलं तरी त्यातली जाण आपल्याकडेच राहते, हे माणसाला कळावं, असा त्यामागचा विचार. त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

पहिला गृहपाठ पाण्याचा. आमच्याकडे नळ रोज येत नाही. येईल त्या दिवशी व्हॉल्व फिरवून, मोटर लावून टाकी भरून घ्यावी लागते. दाजी वॉकर धरून दारात उभे राहिले आणि अक्काला शिकवू लागले.

"उलटा फिरवू नको. सगळा संसार उलटाच फिरवलास."

"तुमच्याकडनंच शिकले की!"

मग गॅसचं बुकिंग झालं. मग विम्याचे कागद मुलीला समजावून झाले. स्कूटर त्यांनी भाच्याला देऊन टाकली. इथवर सगळं मॅडमच्या सांगण्यावरून होतं. त्यानंतर हत्यारांची पेटी कारखान्यातल्या जोडीदाराकडे गेली, ते कोणी सांगितलं नव्हतं. एका सकाळी त्यांनी मला हाक मारली आणि मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात ठेवलं.

"दाजी, हा गृहपाठ मॅडमनी दिला नव्हता."

"हुशार पोरगं फुडचा धडा आदीच करून ठेवतं, पाव्हणं. घ्या. तुमा पेपरवाल्यांना येळंचं भान न्हाय."

त्याच सुमारास ओरडणं थांबलं. गार चहा ते न बोलता पिऊ लागले. शनिवारी अक्का कौतुकानं म्हणाली, "मॅडम, लई निवळलेत बगा. परवा आमटीत मीठ जास्ती पडलं, तरी गप जेवले." मॅडमनी दाजींचं अभिनंदन केलं. दाजींनी हात जोडले.

मला ते जोडलेले हात बरे वाटले नाहीत.

तालुक्यांतून येणाऱ्या बातम्या नीट करून पानात बसवणं हे माझं काम. माणसानं स्वतःचा जीव घेतल्याच्या बातम्याही त्यांत असतात. अशा बातमीत घरच्यांचं एक वाक्य पुष्कळदा येतं: अलीकडे ते अगदी शांत झाले होते, कोणाला काही बोलत नव्हते. बातमीला त्याचा उपयोग नसतो. पानात जागा कमी पडली की आम्ही सगळ्यात आधी तेच वाक्य कापतो. ते वाक्य आता माझी बहीण मोबाइलसमोर बसून हसत म्हणत होती.

माणूस जाण्याआधी एकेक वस्तू, एकेक काम ज्याच्या त्याच्या हवाली करतो, त्याला मराठीत निरवानिरव म्हणतात. म्हातारी माणसं करतात, त्यात वावगं काही नाही. दाजी म्हातारे नव्हते.

मी अक्काला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, "दाजी ठीक आहेत ना?"

"आत्ता कुटं माणसात आलेत. तू तोंड वाईट करू नको."

पुढच्या शनिवारी आवाज तुटत होता. मॅडमनी प्रत्येकाला सांगितलं, आज मनात काय आहे ते एका शब्दात सांगा. मुलगी म्हणाली, "काळजी." अक्कानं जरा विचार केला आणि म्हणाली, "दमले."

"काका?"

"साकु," दाजी म्हणाले.

"सुख? अरे वा, काका! किती मोठा शब्द वापरलात!"

अक्का पदर तोंडाला लावून हसली. दाजी अक्कलकोटच्या पुढच्या, सीमेवरच्या गावचे. आईशी ते कानडीतच बोलायचे. साकु म्हणजे पुरे. ताटात वाढताना हा शब्द अक्कानं कितीदा तरी ऐकलेला होता. मॅडमची कशी फजिती झाली, एवढंच तिला दिसलं. मुलीला वाटलं, वडील खरंच सुख म्हणाले. तिचे डोळे भरून आले. दाजींनी चूक दुरुस्त केली नाही. ते मोबाइलकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

मी डब्याजवळ वाकून म्हणालो, "मॅडम, सुख नाही. साकु म्हणाले. कानडीत पुरे."

"ह्यो पेपरवाला," दाजी म्हणाले, "शब्दाचा कीस काढल्याबिगर ह्याला घास जात न्हाय."

या वेळी मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"काका, काय पुरे? जगणं पुरे, असं मनात येतं का?"

"असलं काय इचारताय मॅडम, तिनीसांजेला!" अक्का उठून उभी राहिली. "दिवा लावायची येळ झालीय."

"ताई, बसा. त्यांना बोलू द्या."

दाजींनी पलंगावरची चादर गुडघ्यावर ओढली. मुलगी पडद्यावर हलत नव्हती. नेटवर्क अडकलंय की ती तशीच बसलीय, कळत नव्हतं.

"येतं," दाजी म्हणाले.

"ठरवलंय का काही?"

"व्हय."

अक्का खाली बसली. पलंगावर नव्हे, फरशीवर.

मॅडमनी सावकाश, एकेक वाक्य दोनदा सांगितलं. त्यांना एकटं ठेवायचं नाही. औषधं त्यांच्या हाताशी ठेवायची नाहीत. आणि मानसोपचार तज्ज्ञांना प्रत्यक्ष दाखवायचं, सोलापुरातच, उशीर न करता. मुलगी मिळेल त्या गाडीनं आली. रविवारभर आम्ही आळीपाळीनं त्यांच्याजवळ बसलो. सोमवारी अक्कानं रिक्षा दवाखान्याच्या अगदी दारात थांबवली आणि त्यांना धरून, भर दिवसा, पायऱ्या चढवल्या.

औषधं सुरू आहेत. शनिवारचा कॉलही आहे. त्यात आता गृहपाठ नसतो. डॉक्टर म्हणतात, फरक आहे. फरक किती, ते सांगत नाहीत. चहा गार झाला की दाजी कधी ओरडतात. ते ओरडले की अक्काचा चेहरा सैल होतो.

ते गप्प असले की ती स्वयंपाकघरातून हाक मारते, "ऐकलं का?"

"हाय, हाय," ते म्हणतात.

परवा उत्तर आलं नाही. ती तव्यावर भाकरी तशीच टाकून पळाली, तिनंच नंतर सांगितलं. दाजी खिडकीशी बसून बाहेर बघत होते.

"जित्ता हाय गं. भाकरी बघ जा."

ती गेली नाही. खाली भाकरी करपल्याचा वास वरच्या मजल्यापर्यंत आला. तिची हाकही येते. दिवसातून कितीदा तरी येते, आणि दरवेळी मी हातातलं काम थांबवून दाजींच्या उत्तराची वाट बघतो.