कांद्याच्या मुळाचं टोक

प्रयोगशाळेतले किस्से धुळीसारखे. टेबल रोज पुसा, दुसऱ्या दिवशी नवे हजर!

उस्मानाबादेतल्या आमच्या शाळेत काझी सर विज्ञान शिकवायचे. मी सातवीत शाळा सोडलेला. त्यांच्या काचा-बाटल्या सांभाळायचो. वरच्या वर्गाला जीवशास्त्र मिळणार का, हे त्या वर्षी इन्स्पेक्टर साहेबांच्या तपासणीवर होतं. दाखवायला आमच्याकडं एक मायक्रोस्कोप आणि पाण्याच्या बाटल्यांवर बसवलेले कांदे!

*

सर सांगत होते, "पेशी आधी वाढते, केंद्रकातला ऐवज दुप्पट करते, मगच एकीच्या दोन होतात."

तेर गावच्या एका पोरानं विचारलं, "सर, आता वाढ पुरं, हे तिला कसं कळतं?"

"तुझी आई भाकरीचा गोळा तोडते, तराजू घेते का?"

वर्ग हसला. सर मात्र गंभीर झाले. "खरं सांगू? मलाही पुरतं माहीत न्हाय. ज्याला कळंल त्यानं मला कार्ड टाकायचं!"

*

पहिली स्लाइड मी फार मनापासून केली. मुळाचा लांब, जाड तुकडा वरून कापला, लाल रंग दिला, काचेखाली दाबला. विभागणारी पेशी एक न्हाय!

सर म्हणाले, "मियाँ, इथल्या पेशी आता नुसत्या लांब होतात. विभाजनाचा कारखाना टोकाला. तांदळाएवढं टोक घ्या!"

तेव्हापासून मी टोकच कापतो.

*

तपासणीला चार दिवस असताना बाटल्या रिकाम्या! बोर्डिंगच्या आचाऱ्यानं कांदे पिठल्यात घातले होते.

"पाण्यात नासले असते की! मुळ्या काढून टाकल्या म्या," तो म्हणाला.

सरांनी डोक्याला हात लावला. मी बाजारातून नवे कांदे आणले. तिसऱ्या दिवशी पांढरी मुळं फुटली, तेव्हा सर आचाऱ्याला म्हणाले, "हात तर लावून बघा!"

*

इन्स्पेक्टर साहेबांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला तो काढीचनात. एका पेशीत केंद्रकातले धागे दोन्हीकडं ओढले गेले होते. शेजारच्या छोट्या पेशी गप्प.

"या का विभागल्या नाहीत?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी पुढं झालो.

"साहेब, त्या अजून भरल्या न्हाईत."

"स्लाइड कोणी केली?"

"यांनी," सर म्हणाले.

साहेब माझ्याकडं वळले. "आमच्या ऑफिसात अशी एकही नाही. ही मला देता?"

चार माणसांत मी 'व्हय' पलीकडं कधी बोललो नव्हतो. पण तोंडातून निघून गेलं,

"आधी जीवशास्त्राच्या वर्गाची परवानगी द्या, साहेब!"

सरांनी डोळे मिटले. साहेबांनी खिशातला पेन काढला.