काकूंचं दुहेरी पातेलं

काकूंची नजर गेली ती मधली. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. आहे तेवढं जपा, असं डॉक्टर म्हणाले. परतताना मुलाने हळूच विषय काढला, की आता चॉकलेटचं काम पुरे. काकूंना जे करायचंच नसे त्यावर त्या वाद घालत नसत.

नवरा गेल्यापासून हे घर चाललं ते त्यांच्या स्वयंपाकघरातल्या चॉकलेटांवर, आणि ती चॉकलेटं एका तांब्याच्या दुहेरी पातेल्यावर. खालच्या भांड्यात पाणी, त्यावर अधांतरी बसणारं दुसरं भांडं, दोन्ही आतून कल्हई केलेली. चॉकलेटला आच सोसत नाही, नुसती ऊब पुरते. घासायचं बाहेरून लिंबू-मिठाने, आतून मऊ फडक्याने, आणि लगेच कोरडं करायचं. सून एकदा तारेची घासणी घेऊन पुढे आली, तेव्हा काकूंनी तिला प्रेमाने, पण कायमचं, बाजूला केलं होतं.

काम चालूच राहिलं. मग एका दुपारी फोनवर बोलता बोलता खालचं पाणी आटलं. करपल्याचा वास आला तोवर तांबं काळंनिळं पडलं होतं आणि खालच्या भांड्याची कल्हई वितळून तिचे थेंब झाले होते. संध्याकाळी मुलाने ते पाहिलं आणि पातेलं माळ्यावर टाकलं.

दुसऱ्या दिवशी तो कामाला गेल्यावर काकू स्टुलावर चढल्या. सुनेने अडवलं नाही. तिने स्टूल घट्ट धरून ठेवलं. पातेलं पिशवीत घालून काकू एकट्या बसने कल्हईवाल्याकडे गेल्या. तोही समजावायला लागला, की या वयात स्टीलचं बरं, कटकट नाही.

"मला सल्ला नकोय," काकू म्हणाल्या, "कल्हई हवीय."

पातेलं चकचकीत होऊन आलं. येताना त्यांनी काचेची एक गोटी विकत घेतली आणि खालच्या भांड्यात टाकली. पाणी जास्त तापलं की गोटी टकटक करी, मग त्या आच कमी करत. पाणी आटत आलं की तीच गोटी कडकडा वाजे. पुढचे काही दिवस त्यांनी चॉकलेट न घेता नुसतं पाणी तापवून तो आवाज कानात बसवला.

मुलाला कळायचं ते कळलंच. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"निदान मी घरी नसताना तरी गॅस पेटवू नकोस, आई."

"तू घरी नसतानाच मी हे घर चालवलं."

"आणि भाजलीस तर?"

"भाजेन. तू सायकलवरून पडलास, तेव्हा मी सायकल माळ्यावर टाकली नव्हती."

काकूंची पहिली खेप बिघडली, दाणेदार झाली. ती त्यांनी सगळ्यांच्या देखत फेकून दिली आणि पुन्हा पाणी चढवलं. दुसरी जमली. जुनी गिऱ्हाइकं परत आली. मुलगा अजूनही कुरकुरतो, पण गॅसची नळी मात्र त्याने नवी बसवून दिली.

परवा वाफेने मनगटावर लाल पट्टा उमटला. सुनेने मलम आणलं, ते काकूंनी मुकाट्याने लावून घेतलं. मुलगा यायच्या आत बाही खाली ओढून घ्या, असं ती म्हणाली. काकूंनी दोन्ही बाह्या कोपरापर्यंत वर सरकवल्या आणि तशाच जेवायला बसल्या.